उजव्या हाताला नर्मदा

जबलपूरच्या माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात एकाच खिळ्यावर दोन दिनदर्शिका टांगलेल्या असतात. मागे ‘लाला रामस्वरूप’, पुढे ‘कालनिर्णय’. पहिली खुद्द जबलपूरची, हिंदी मुलखात घरोघरी दिसणारी. दुसरी मुंबईची, १९७३ पासून मराठी भिंतींवर तिचं राज्य आहे. दूधवाल्याचे खाडे लालाजींच्या चौकोनांत आणि उपासतापास ‘कालनिर्णय’कर्त्या साळगावकरांच्या, अशी वाटणी मावशीने फार पूर्वीच करून टाकली आहे.

एका वर्षी गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे होतो. सकाळीच शेजारीण बेलाची पानं घेऊन दारात उभी. “भाभीजी, सावन लग गया. मंदिर चलेंगी?” मावशी गवार मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “आप हो आइए. हमारा तो अभी आषाढ़ चल रहा है, पंद्रह दिन बाकी हैं.” शेजारीण हसून गेली. दोघींपैकी कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी मात्र तिथेच अडकलो. एक गल्ली, एक चंद्र, मध्ये विटांची एक भिंत. भिंतीपलीकडे श्रावण आणि अलीकडे आषाढ!

कारण तसं साधं आहे. चांद्रमहिना उत्तरेत पौर्णिमेला संपवतात, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्ही घरांचे महिने जुळतात आणि वद्य पक्षात शेजारीण एक महिना पुढे असते. राखीपौर्णिमेला तिचा सावन संपतो, मावशीचा श्रावण पुढे पंधरा दिवस चालूच. कृष्णजन्माच्या रात्री इकडे श्रावण वद्य अष्टमी, तिकडे भादों. पितृपक्ष इकडे भाद्रपदात, तिकडे आश्विनात; पितर मात्र घोटाळा न करता दोन्ही घरी एकाच दुपारी जेवून जातात. आणि उत्तरेची एक गंमत मला फार आवडते. त्यांचा चैत्र जुनं वर्ष संपायच्या आधीच पंधरा दिवस लागलेला असतो, म्हणजे नवं वर्ष सुरू होतं ते महिन्याच्या ऐन मध्यावर.

या दोन पद्धतींची शीव म्हणून पंचांगकर्ते परंपरेने एक रेघ सांगत आले आहेत, नर्मदेची. तिच्या दक्षिणेला अमान्त महिने आणि शालिवाहन शक, उत्तरेला पौर्णिमान्त महिने आणि विक्रम संवत. शकात १३५ मिळवले की संवत हाती येतो, तेवढाच काय तो हिशेब. गुजरातचा बराचसा भाग नदीच्या उत्तरेला असूनही तिथले महिने अमान्त, त्यामुळे नियम अगदी काटेकोर नाहीच. पण ढोबळ रेघ ती. अडचण एवढीच की जबलपूर या रेघेच्या उत्तरेला आहे. नर्मदा शहराच्या दक्षिणेकडून जाते. रेघेचं ऐकायचं तर मावशीने केव्हाच सावन पाळायला हवा होता.

तिचे सासरे इथे आले ते १९५६ साली. त्याआधीही जबलपूरला मराठी नवी नव्हती. १७८१ पासून १८१७ पर्यंत गढामंडळावर मराठ्यांचाच अंमल होता. पण सासऱ्यांना आणलं ते एका कचेरीने. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आणि नागपूरचं उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय होऊन जबलपुरात आलं. न्यायमूर्ती आले, वकील आले, बस्ते बांधून कारकूनही आले. एका कारकुनाच्या ट्रंकेत धोतरांच्या घडीखाली दक्षिणेचा महिना होता. तो अजून त्या स्वयंपाकघरात आहे.

मग मावशी राहते तरी कुठे? शाळेतलं उत्तर सोपं आहे: २३ अंश १० मिनिटं उत्तर अक्षांश, ८० अंश पूर्व रेखांशाच्या किंचित अलीकडे. कर्कवृत्त तिथून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर. या उत्तरात चूक काहीच नाही. पण तिचा महिना कुठून येतो, ते त्यातून कळत नाही.

तिच्याकडे सत्यनारायण असला की गुरुजी जे उत्तर देतात ते वेगळं असतं. पूजेआधीचा संकल्प आपण सगळेच हातावर पाणी घेऊन, लक्ष भलतीकडे ठेवून ऐकतो. एकदा नीट ऐका. ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून सुरुवात होते, मग कल्प, मन्वंतर, युग. मग द्वीप, वर्ष, खंड, देश. आणि शेवटी एक नदी आणि तिचा काठ. नाशिकला गोदावरी, जबलपुरात नर्मदा, आणि काठ उत्तरेचा. एवढं सगळं झाल्यावर कुठे यजमानाचं गोत्र आणि नाव येतं. आधी कुठे आणि केव्हा, मग कोण. अख्ख्या विश्वातून उतरत उतरत ओल्या काठावर येऊन थांबणारा इतका लांबलचक पत्ता कुठल्याही टपालखात्याने मागितलेला नाही.

आता मौज पाहा. गुरुजी ‘उत्तर तीर’ म्हणतात आणि मावशी दक्षिणेचा महिना पाळते. एका माणसाचे दोन पत्ते, आणि दोन्ही खरे.

भूगोल नावाचा विषय ज्या पायावर उभा आहे त्या पायाशीच हा प्रश्न पडलेला आहे. ‘कुठे’ म्हणजे नक्की काय? जग ही एक रिकामी पेटी, तिच्यावर आडव्याउभ्या रेघा, आणि आपण त्यातल्या एका चौकटीत ठेवलेली वस्तू, असंच आपण धरून चालतो. न्यूटनने अवकाश असाच मानला होता: आत काही असो वा नसो, पेटी आपली आहेच. लायबनित्सला हे पटेना. १७१५-१६ मध्ये न्यूटनचा कैवारी क्लार्क याच्याशी त्याने पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. त्याचं म्हणणं, वस्तूंची एकमेकींशी असलेली नाती म्हणजेच अवकाश. नाती काढून घेतली तर पेटी म्हणून काही उरणार नाही.

आपल्याकडे वैशेषिकांनी हा प्रश्न कितीतरी आधी हाताळला होता, आणि त्यांची मांडणी मला जास्त चमत्कारिक वाटते. त्यांच्या नऊ द्रव्यांत पृथ्वी, पाणी, तेज, वायू आहेत, आत्मा आणि मन आहेत, आणि त्यांच्याच रांगेत ‘दिक्’ बसलेली आहे. दिशा हे द्रव्य! ती एकच आहे, सर्वत्र आहे, नित्य आहे. मग पूर्व-पश्चिम कुठून आले? सूर्यामुळे. उगवतीच्या डोंगराला जी बाजू जवळ ती पूर्व. म्हणजे एकाच अखंड दिशेला सूर्याच्या निमित्ताने चार नावं मिळतात. आणि ‘लांब’ व ‘जवळ’ यांना त्यांनी चक्क गुणांच्या यादीत घातलं, परत्व आणि अपरत्व म्हणून, रंग आणि चव जिथे आहेत तिथेच. तर्कसंग्रह पाठ करणाऱ्या पोरांना हे बाराखडीसारखं येत असे. आपण शाळेत नकाशे भरले, पण लांब म्हणजे काय, हे आपल्याला कुणी विचारलं नाही.

या शास्त्राच्याही आधी भाषेने आपलं काम उरकून ठेवलेलं आहे. ‘पूर्व’ म्हणजे आधीचं, पुढचं. ‘पश्चिम’ म्हणजे मागचं. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या उजव्या हाताला येते ती ‘दक्षिण’, कारण दक्षिण या शब्दाचा अर्थच उजवा. म्हणून देवाला उजवीकडे ठेवून फिरायचं ती प्रदक्षिणा. आणि म्हणून दख्खन. ज्या नावावर आपण इतका अभिमान बाळगतो त्याचा अर्थ केवढा घरगुती निघावा: उगवतीला तोंड करून उभ्या असलेल्या कुणा माणसाच्या उजव्या हाताचा प्रदेश. पुलकेशीने सातव्या शतकात हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवलं, ते या उजव्या हाताच्या मनगटावर.

उजव्या-डाव्याच्या या गोष्टीने इमॅन्युएल कांटलाही पछाडलं होतं. तत्त्वज्ञ म्हणून आपण त्याला ओळखतो, पण कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात तो १७५६ पासून १७९६ पर्यंत, चाळीस वर्षं, भूगोल शिकवत होता. त्या शहराचा परिसर सोडून तो फारसा कुठे गेला नाही. तरी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं वर्णन त्याने असं हुबेहूब केलं की ऐकणाऱ्या इंग्रजाने, आपण वास्तुकार आहात काय, असं विचारलं, अशी आठवण सांगतात. इतिहास म्हणजे एकापाठोपाठ एक आणि भूगोल म्हणजे एकाशेजारी एक, ही त्याचीच वाटणी. अमेरिकन भूगोलज्ञ रिचर्ड हार्टशोर्न यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात तिचाच आधार घेतला.

१७६८ च्या एका छोट्या लेखात कांटने हातांची गोष्ट काढली. तिचं मी देशी उदाहरण करतो. देवळाबाहेर काढून ठेवलेला चपलांचा जोड घ्या. डावी आणि उजवी. अंगठ्यापासून टाचेपर्यंतची लांबी तीच, पट्ट्यांची रुंदी तीच, टाक्यांची संख्यासुद्धा तीच. आतली सगळी मापं, सगळी नाती सारखी. तरी डावीत उजवा पाय जात नाही. म्हणजे नात्यांच्या यादीत न सापडणारं काहीतरी त्या चपलांमध्ये आहे. ते सापडतं आपल्या अंगात. पुढे १७८६ मध्ये त्याने आणखी एक प्रसंग मांडला: ओळखीच्या खोलीत मिट्ट काळोख आहे, एखादी वस्तू हाताला लागली की बाकीची खोली मला कळते, का, तर डावं-उजवं मला आतून जाणवतं म्हणून. दिवे गेल्यावर देवघरातली काडेपेटी शोधणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. नकाशाच्या मुळाशी एक शरीर उभं आहे.

कांट कुठेच गेला नाही, पण त्याचं शहर मात्र गेलं. कोनिग्सबर्ग आज कालिनिनग्राद आहे आणि रशियात आहे. कांटची समाधी जागची हललेली नाही. मावशीच्या सासऱ्यांचं न्यायालय गेलं, कांटचा देश गेला. जागा स्थिर आणि माणसं फिरती, ही आपली समजूत इतकी भरवशाची नाही. देशाचा मध्य तरी कुठे स्थिर आहे? नागपूरकर झीरो माईलचा खांब दाखवतात. जबलपूरकर उत्तरेला कटनी जिल्ह्यातल्या करौंदीकडे बोट करतात. नागपूरच्या त्या दगडावर १९०७ साल आणि सर्वेक्षणाची खूण आहे, पण ती उंचीची. मध्य कुठला, हे देशाच्या हद्दी कुठवर धरता यावर ठरतं, आणि हद्दी १९४७ ला बदलल्या. असो, नागपूरकरांशी या विषयावर वाद घालू नये.

आता अस्तित्ववाद्यांकडे वळायला हरकत नाही, आणि तिथे जायला मराठीतून एक चोरवाट आहे. कुणाच्या दारात जाऊन आपण विचारतो, “साहेब आहेत का?” आतून उत्तर येतं, “नाहीत.” आपण घाबरत नाही, हार आणायला धावत नाही. ‘आहेत’ म्हणजे इथे आहेत, ‘नाहीत’ म्हणजे इथे नाहीत, हे आपल्याला उपजत माहीत असतं. असणं आणि कुठेतरी असणं यांत आपली भाषा फरकच करत नाही. हायडेगरने १९२७ मध्ये माणसाच्या असण्याला जो शब्द वापरला, ‘दाझाइन’, तो फोडला तर ‘तिथे-असणं’ असाच निघतो. सार्त्रने १९४३ च्या ग्रंथात पॅरिसच्या कॅफेतला प्रसंग रंगवला आहे: पिएरला भेटायला म्हणून आत शिरलो, पिएर नाही, आणि भरलेला सगळा कॅफे जणू त्याच्या नसण्याची पार्श्वभूमी होऊन बसला. आपल्याकडे हे ‘ते नाहीयेत’ एवढ्यात होतं.

हायडेगर म्हणतो, लांबी-जवळीक मीटरपट्टीने कळत नाही. नाकावरचा चष्मा भिंतीवरच्या चित्रापेक्षा लांब असतो, कारण पाहताना चष्मा तुमच्या गावीही नसतो. रस्त्याचा दगड तळव्याला टेकलेला असतो, पण वीस पावलांवरून येणारा मित्र त्याहून जवळ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही शब्दांची कसरत वाटली. मग ग्वारीघाटावर संध्याकाळी जाऊन बसलो आणि मत बदललं.

ग्वारीघाट जबलपूरचा, उत्तर तीरावरचा. समोर, दक्षिण काठावर गुरुद्वारा दिसतो. होडीवाला काही मिनिटांत पोहोचवतो. शाळेतली पोरं, सायकली, बोकडसुद्धा होडीत असतो. त्याच समोरच्या काठावरून एखादा परिक्रमावासी चाललेला असतो, पांढऱ्या कपड्यांत, हातात काठी आणि कमंडलू. परिक्रमेचा नियम कडक: नर्मदा कायम उजव्या हाताला, आणि ती कुठेही ओलांडायची नाही. त्याला आमच्या घाटावर यायचं आहे. तो येणारही आहे. पण त्यासाठी तो दक्षिण काठाने पश्चिमेला समुद्रापर्यंत जाईल, भरूचपाशी खाडीच्या तोंडातून नावेने पलीकडे होईल आणि मग उत्तर काठाने पूर्वेकडे चालत चालत इथवर येईल. नदी १,३१२ किलोमीटर लांब. म्हणजे समोरच्या घाटापासून या घाटापर्यंत त्याला दीड हजार किलोमीटरांहून जास्त चालायचं आहे, मध्ये चातुर्मास लागला तर तो एखाद्या गावी थांबून काढायचा. मी त्याला हात केला, त्याने “नर्मदे हर!” म्हणून साद दिली, ती मला स्पष्ट ऐकू आली. जो माणूस ऐकू येतो तो दीड हजार किलोमीटरांवर आहे! परत्व हा गुण आहे म्हणणाऱ्या वैशेषिकांना मी त्या घाटावर मनोमन नमस्कार केला.

यात आणखी एक मेख आहे. भूगोलाच्या पुस्तकात नदीचा उजवा काठ ठरतो तो प्रवाहाच्या दिशेला तोंड करून. गोदावरी पूर्वेला वाहते, म्हणून तिथे उजवा काठ म्हणजेच दक्षिण काठ, दोन्ही हिशेब जुळतात. नर्मदा उलटी, पश्चिमेला वाहते. तिचा उजवा काठ उत्तरेचा. सूर्याकडे तोंड केलं तर नदीच्या उगमाकडे तोंड होतं. एक उजवं नदीच्या अंगाने, एक सूर्याच्या आणि तिसरं परिक्रमावाशाच्या. त्याच्या उजव्या हाताला नदी दोन्ही तीरांवर तशीच राहते. अंशांच्या जाळीत तो सतत दिशा बदलतोय, स्वतःच्या अंगाच्या हिशेबात मात्र काहीच बदललेलं नाही.

१९५१ मध्ये डार्मश्टाटच्या व्याख्यानात हायडेगरने पुलाचं उदाहरण घेतलं. पूल दोन तयार काठांना नुसता जोडत नाही, पूल पडल्यावरच काठ हे समोरासमोरचे काठ होतात, असं त्याचं म्हणणं. उदाहरण सुरेख आहे, पण त्याला नर्मदा माहीत नव्हती. तिलवाराघाटावर नागपूर रस्त्याचा पूल आहे, त्यावरून मालमोटारी धडधडत जातात, आणि परिक्रमावासी त्याच्या खालून सरळ पुढे निघून जातो. इथे काठांना काठपण दिलंय ते न ओलांडण्याने. (हायडेगर वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माती, मूळ, निवास यांवर इतकं गोड बोलणारा हा माणूस १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला होता. मातीशी असलेल्या नात्याची भाषा कुणाला घरात घेते आणि कुणाला हाकलते, हे तपासल्याशिवाय तिच्यावर भाळू नये. ‘बाहेरचे’ ठरण्याचा अनुभव जबलपूरच्या मराठी घरांना आहे आणि मुंबईतल्या हिंदी घरांनाही.)

अस्तित्ववाद भूगोलात आणला तो एरिक दार्देल या फ्रेंच शाळामास्तराने. १९५२ मध्ये त्यांचं ‘माणूस आणि पृथ्वी’ हे छोटं पुस्तक आलं. पृथ्वी हा आधी अभ्यासाचा विषय नसतो, आधी ती अंगावर येते, वाटेत आडवी येते, घर देते. भूगोल नावाचं शास्त्र त्यानंतरचं, असा त्याचा सूर. कुणी फारशी दखल घेतली नाही. पुढे चिनी वंशाचे अमेरिकन भूगोलज्ञ यी-फू त्वान यांनी १९७७ मध्ये अवकाश आणि स्थळ यांच्यावर ग्रंथ लिहिला: नुसता अवकाश माणसाच्या सवयीने, थांबण्याने, नाव देण्याने ‘स्थळ’ होतो.

१९७७ हेच साल जबलपुरातही महत्त्वाचं आहे. त्या वर्षी अमृतलाल वेगड नर्मदेच्या काठाने चालायला निघाले. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले हे कलाशिक्षक तेव्हा पन्नाशीला टेकलेले होते. तुकड्यातुकड्यांनी, सुट्ट्या काढून, पुढे पत्नीला बरोबर घेऊन ते नदी चालले. रेखाटनं केली, कागद फाडून कोलाज केले, आणि हिंदीत व गुजरातीत लिहिलं. गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घरचा गुजराती, गावचा जबलपुरी, कलेने बंगालचा, पायाने नर्मदेचा: वेगडांचा पत्ता मावशीच्या पत्त्याहूनही गुंतागुंतीचा होता. त्वान यांचं पुस्तक त्यांनी वाचलं असेल असं वाटत नाही. गरजही नव्हती.

वेगड चालले त्या वाटेचा काही भाग आता नाही. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगीचं धरण १९९० पर्यंत भरलं आणि शंभराहून अधिक गावं त्याच्या पाण्याने बाधित झाली. अक्षांश-रेखांश जिथल्या तिथे आहेत, पाण्यावर होडी नेऊन उपकरण धरलं तर बरोबर आकडा दाखवेल. तिथून उठलेल्या माणसाला गाव विचारलं तर तो डुबलेल्या गावाचं नाव घेतो, वर्तमानकाळात.

आणि आता ज्याच्यासाठी मी जबलपूरला पुन्हा पुन्हा जातो ते. छावणीच्या बाजूला बडा शिमला नावाची एक टेकडी आहे. बर्फाचा संबंध नाही, नाव मात्र शिमला. १८२८ मध्ये इथे विल्यम स्लीमनला, म्हणजे पुढे ज्याने ठगांचा बंदोबस्त केला त्यालाच, दगड झालेली हाडं मिळाली. प्रचंड हाडं. कसली, हे सांगायला जगात कुणाकडे शब्द नव्हता. ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेनने तयार केला १८४२ मध्ये. चौदा वर्षं ती हाडं नुसती होती. कसली आहेत ते ठरायचं होतं. सार्त्रने १९४५ च्या व्याख्यानात सांगितलं की माणूस आधी असतो, काय आहे ते मागाहून ठरतं. त्याने ते माणसापुरतंच म्हटलं होतं, हाडांवर लावणं ही माझी वाह्यात कल्पना. पण पुढचं ऐका. १८७७ मध्ये लिडेकरने त्या हाडांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं. २००३ मध्ये अभ्यासकांनी ते नाव संशयास्पद ठरवलं. एवढ्याशा हाडांवरून स्वतंत्र जात सिद्ध होत नाही म्हणून. मधल्या काळात त्यातला मणका हरवलाही होता. २०१२ मध्ये कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात तो परत सापडला. नाव आलं नि गेलं, मणका आहे.

नावांची याहून मोठी करामत याच मुलखात झाली. जबलपूरचा गढा हा भाग एकेकाळी गोंड राजांची राजधानी. इथले गोंड स्वतःला कोइतूर म्हणवतात, गोंड हे इतरांनी ठेवलेलं नाव. त्यांचं रान म्हणून गोंडवन. १८७२ मध्ये भूवैज्ञानिक मेडलिकॉटने नर्मदेच्या दक्षिणेकडच्या खडकांच्या थरांना तेच नाव दिलं. मग ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूसने ते उचलून एका हरवलेल्या महाखंडाला लावलं. आज आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका जिथे एकत्र होते त्या भूमीला जग गोंडवन म्हणतं. परक्यांनी एका जमातीला दिलेलं नाव पेंग्विनांच्या पायाखाली जाऊन बसलं!

तो महाखंड सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी फुटायला लागला. हाडांचे धनी ज्या काळात या टेकडीच्या जागी चरत होते, म्हणजे साधारण ७ कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा भारत एक तरंगतं बेट होता आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. २३ अंश उत्तर हा जबलपूरचा पत्ता फार अलीकडचा आहे, आणि जमीन अजून दरवर्षी काही सेंटिमीटर सरकते आहेच. टेकडीवर चढून गेलं की हाडांच्या थरावर, अगदी माथ्यावर, काळा दगड लागतो. मी हात लावून पाहिला. ओळखीचा होता, राजगडाच्या पायवाटेवर गुडघे फोडले ते याच्यावरच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी उसळलेला लाव्हा, सह्याद्री ज्याचा बनला आहे तोच. भूविज्ञानात त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आपल्या उजव्या हाताच्या नावानेच. आणि तो इथे, नदीच्या उत्तर तीरावर, लाला रामस्वरूपच्या गावात.

संध्याकाळी मावशीला हे सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. डायनोसॉरमध्ये तिला रस नव्हता, तो तिच्या नातवाचा विषय. पण जबलपूर पूर्वी पार दक्षिणेला होतं, विषुववृत्ताच्याही खाली, हे ऐकल्यावर लाटणं थांबलं. “खालीच होतं? नक्की?”

“नक्की.”

तिने खिळ्यावरच्या दोन्ही दिनदर्शिकांकडे पाहिलं, आणि मग मधल्या भिंतीकडे.

“बघ. म्हणजे आमचाच श्रावण बरोबर.”